चढावरचा बाक कुजलेला नाही

मी बागेतल्या चढावरचा जुना बाक आहे. जुना म्हणालो, कुजका नाही. मित्रांनो, हे आधीच बजावून सांगतो, कारण एकदा सगळ्यांनी मिळून मला कुजका ठरवलं होतं आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी सागवानाचा नाही. मुद्दाम लावलेल्या रानातल्या, भराभर वाढणाऱ्या एका मऊ झाडाचा मी मुलगा. असलं लाकूड उघड्यावर ठेवलं की पाण्याने फुगतं, उन्हाने वाकतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. म्हणून आमच्यासारख्यांना फळांच्या खोक्यांपलीकडे कुणी विचारत नसे. पण एका कारखान्यात आम्हाला बंद भट्टीत घातलं. आत नुसती वाफ आणि जीव नकोसा करणारी उष्णता. अंगातलं पाणी गेलं, चीक गेला, बुरशीला आवडणारी गोडीही गेली. बाहेर आलो तो कॉफीसारखा तपकिरी होऊन. मला कुणी विषारी औषध पाजलं नव्हतं की रंग फासला नव्हता. मी फक्त नीट भाजून निघालो होतो. तेव्हापासून पाणी माझ्यात सहजासहजी शिरत नाही आणि बुरशी आली तरी उपाशीच परत जाते. माझ्यामुळे कुठल्यातरी जंगलातलं एखादं म्हातारं झाड तोडायचं वाचलं असेल. या गोष्टीचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला बागेत बसवणारा सुतार मनाने वाईट नव्हता, पण घाईत होता. कारखान्याने माझ्यासोबत न गंजणाऱ्या स्टीलच्या स्क्रूंची पिशवी दिली होती. ती गाडीतच राहिली.

"स्क्रू तो स्क्रू, त्यात काय एवढं," असं म्हणत त्याने आपल्या पेटीतले साधे लोखंडी स्क्रू माझ्यात पिळले. भाजलेल्या लाकडात थोडा आंबटपणा असतो, साध्या लोखंडाशी त्याचं पटत नाही. मला हे ठाऊक होतं. पण बाकाला कोण विचारतो?

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक पाठीवरून हात फिरवत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मग उन्हाने माझा तपकिरी रंग नेला आणि मी राखाडी झालो. तोही मला शोभत होता असं माझं मत आहे. पण पुढे स्क्रू गंजले, त्यांच्याभोवती काळे डाग ओघळले आणि एक फळी करकरू लागली. आता लोक नाक मुरडून रुमाल अंथरू लागले. तळ्याजवळ माझा भाऊ होता, त्याच भट्टीतून निघालेला. त्याच्यावरही असेच डाग पडले होते. एका दुपारी बागेचे मुकादम कामगारांना घेऊन आले आणि त्यांनी त्याला उखडलं. ट्रकमध्ये फेकताना त्याच्या फळ्या खणखणीत वाजत होत्या. कुजलेलं लाकूड असं वाजतं का? एवढं विचारायला तिथे कुणीही नव्हतं.

त्याच सुमारास काकू बागेत येऊ लागल्या. बागेमागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आयुष्यभर पायाने मशीन चालवली, आणि आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज चढ चढला नाहीत तर गुडघा आखडेल, मग मशीन विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोबत सूनबाई असायची. चढाच्या मध्यावर काकूंचा श्वास संपायचा आणि तिथे टेकायला मी एकटाच होतो. माझ्यावर थोडं बसलं की त्या उरलेला चढ चढायच्या.

एका सकाळी त्या माझ्यावर बसलेल्या असताना मुकादम आले. मागे कामगार होते आणि त्यांच्या हातात पहार होती.

"काकू, उठता का जरा? हा बाक काढायचाय."

"का बरं?"

"कुजलाय. कुणी पडलं तर आमच्या गळ्याशी येईल."

"मग याच्या जागी दुसरा कधी ठेवणार?"

"वरून मंजुरी आली की लगेच."

"म्हणजे माझा गुडघा आखडल्यावर," काकू म्हणाल्या.

सूनबाई अवघडली. ती हळूच म्हणाली, "आई, चला ना. आपण घरातच फेऱ्या मारू."

"घरात चढ कुठून आणणार आहेस तू? बस इथे." आणि त्यांनी सूनबाईलाही शेजारी बसवून घेतलं. दोघींचं वजन मी बिनतक्रार पेललं. करकरणाऱ्या फळीलासुद्धा मी हूं का चूं करू दिलं नाही.

मुकादम वैतागले. "काकू, हे काळं दिसत नाहीये का तुम्हाला?"

"दिसतंय की. पण नुसतं बघून काय कळतं? टोचून बघा. आत गेलं तर मी स्वतः उठते."

मुकादमांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या दंडात खुपसला. मित्रांनो, दुखलं. पण मी म्हटलं, खुपस, अजून जोरात खुपस. कुजलेल्या लाकडात ते टोक लोण्यात सुरी शिरावी तसं शिरलं असतं. माझ्यावर नुसता ओरखडा उठला. त्यांनी काळ्या डागात खुपसून पाहिलं, तिथेही तेच. जोर लावताना एका गंजक्या स्क्रूचं डोकं मात्र तुटून खाली पडलं.

काकूंनी ते उचलून तळहातावर धरलं. "कापड चांगलं आहे हो. दोरा कुजलाय. शिवण उसवली म्हणून कुणी कापड टाकून देतं का?"

"पण मला बाक काढायचा हुकूम आहे," मुकादम म्हणाले.

"मग वर सांगा, एक म्हातारी उठत नाही म्हणून."

मुकादमांना हसू आलं. "वरचे साहेब बिचारे घाबरतील तुम्हाला," असं म्हणत त्यांनी पहार परत पाठवली. त्याच आठवड्यात माझ्या अंगातले सगळे गंजके स्क्रू निघाले आणि स्टीलचे आले. तळ्याजवळची जागा अजून मोकळीच आहे. तिच्याकडे बघताना मला वाईट वाटतं.

मित्रांनो, तुम्ही मला रंग लावू नका, माझी कीवही करू नका. दर पावसाळ्यानंतर माझे स्क्रू तेवढे तपासा. आणि एखाद्याला निकामी ठरवून फेकायला निघालात, तर नेमकं बिघडलंय काय ते आधी हात लावून बघा. मी ही विनंती करत नाही. माझ्या भावाच्या वतीने हक्काने सांगतो आहे.

परवा सकाळी काकू आल्या. माझ्यापाशी पोचल्यावर सवयीने सूनबाई म्हणाली, "बसा ना, आई."

"आज नको," काकू म्हणाल्या, "आणि घरी गेल्यावर माझ्या मशीनला तेल घाल." बोलता बोलता त्या न थांबता वर निघून गेल्या.

त्या सकाळी मी रिकामाच राहिलो. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.