अडलेल्या नावेचं गाणं

मी, एक गाणं, बोलतोय. नदीकाठच्या लग्नातलं. माझं वय विचारू नका, कारण मी कुठे लिहिलेलोच नाही.

माझा जन्म वैतागातून झाला. कुठल्याशा लग्नात नवरदेवाची नाव उशिरा आली, तेव्हा ताटकळलेल्या नवरीच्या मावशीने काठावरून सूर लावला:

'पैलतीरीच्या पाहुण्या, उशीर कसा झाला?
वाट बघून काठाचा दगड उठून गेला.'

नावेतून वरमाईने लगेच परतवलं:

'नवरा आमचा देखणा, आरशापुढे बसला,
बघून बघून बिचारा आरसाच रुसला.'

तेव्हापासून रीत पडली. काठाने टोमणा मारायचा, नावेने परतवायचा, मगच नवरीने दोर फेकायचा. उत्तर नाही, तर नाव पाण्यातच.

पुढे पूल झाला, लोक मोटारीने लग्नाला जाऊ लागले. शेवटी मी दोन बहिणींपुरता उरलो. या काठावर दिलेल्या थोरलीकडे माझे प्रश्न, त्या काठावर दिलेल्या धाकटीकडे उत्तरं. एका लग्नात धाकटीने नवंच उत्तर जोडलं:

'दाजी आमचे काठावर असे काही घोरले,
वल्ही मारून थकलो तरी नाव मागे सरे.'

दाजींना ते इतकं आवडलं, की त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. थोरली मात्र भडकली. "माझ्या नवऱ्याचं घोरणं माझं मी बघेन. चारचौघांत कशाला?"

बोलणं तुटलं आणि माझे दोन तुकडे झाले. थोरली भांडी घासताना प्रश्न गुणगुणायची. उत्तर द्यायला फक्त कुकरची शिट्टी.

मग थोरलीच्या नातीचं लग्न ठरलं, तेही धाकटीच्या सासरच्या घरात. नात हटून बसली. "आजी, नवरदेव नावेतूनच येणार. गाणं झाल्याशिवाय मी दोर फेकणार नाही."

"मी माझं म्हणेन. समोरचीचं मला विचारू नकोस."

नाव आली. थोरलीने मला सुरू केलं. आवाज चिरका, पण माझ्या अंगावर काटा आला. प्रश्न संपला. नावेत धाकटी तोंड मिटून बसलेली. तिच्याशिवाय उत्तरं कुणालाच येत नव्हती. वाटलं, संपलो आपण.

नावाडी म्हणाला, "काकू, आटपा. नाव जुनी आहे, पाणी आत येतंय."

"येऊ दे. मला पोहता येतं."

"मला नाही येत, आजी," नवरदेव म्हणाला. नवे बूट त्याने काढून छातीशी धरले होते.

तेवढ्यात काठावरच्या खुर्चीतून एक आवाज आला. खोल, संथ, घरघरता. दाजींचा डोळा लागला होता.

धाकटीने ओठ दाबले, पदर तोंडात कोंबला. काही उपयोग झाला नाही. दाजींचं ते कडवं तिच्या तोंडून सुटलंच, तेही हसत, सूर सोडून. थोरलीने आधी डोळे वटारले, मग खांदे गदगदू लागले आणि दुसरी ओळ दोघींनी मिळून म्हटली. नातीने दोर फेकला.

नवरदेव घोट्यापर्यंत भिजून उतरला. मागून धाकटी.

"बारीक झालीस," थोरली म्हणाली.

"तू नाही झालीस."

आता नात मला शिकतेय. तिला एवढंच सांगणं आहे: पोरी, मला एकटीने पाठ करू नकोस. समोर चिडवणारं माणूस हवं. आणि दाजींना उठवू नकोस, ते ताल धरतात.