स्पृहाने लावून घेतलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. रे रोडच्या वखारीतून लाकूड आणून कोंडीराम सुताराने मला घडवलं आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीला बसवलं. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. त्यामुळे माझं आयुष्य भिंतीला पाठ टेकून घरातली माणसं पाहण्यात गेलं.

त्यांत माझी सगळ्यांत लाडकी स्पृहा. तिला मी जन्माआधीपासून ओळखतो. तिची आई अंबिका जिने चढून आली की मला टेकायची आणि पोटावर हात ठेवून म्हणायची, "दमलंस ना बाळा? पोचलो हं आता." पोटातून पाय हलला की एकटीच हसायची.

स्पृहा रांगू लागली तेव्हा आई नळावर गेली तरी आकांत करायची. आई दिसेनाशी झाली म्हणजे संपलीच, असं तिला वाटत असावं. मग अंबिका माझ्याआड लपून "कुक" करायची. होता होता स्पृहा रडायची थांबली आणि माझ्याकडे टक लावून वाट पाहू लागली. न दिसणारी आई परत येते, हे ती माझ्यापाशी शिकली.

पुढे "कडी मीच लावनार" हा हट्ट सुरू झाला. कोणी मदत केली की भोकाड. शाळेत जाऊ लागल्यावर ती माझ्यावर खडूने गणितं लिहायची आणि बाईंच्या आवाजात मलाच रागवायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पंधराव्या वर्षी एका दुपारी आई गॅलरीत वाल सोलत बसली असताना ती शाळेतून आली आणि तिने मला लावून घेतलं. मैत्रिणींनी तिला गटातून काढलं होतं. मला पाठ लावून ती रडत होती.

बाहेरून तिचे बाबा, राजेश, म्हणाले, "भर दुपारी दार कसलं लावतेस? उघड, नाहीतर कडीच काढून टाकतो."

"मला एकटीला राहायचंय," ती म्हणाली. "या घरात माझा एक कोपरा तरी आहे का?"

राजेशने माझ्यावर थाप मारायला हात उगारला. अंबिकाने तो धरला. "अहो, राहू द्या तिला. आपण बसू बाहेर."

दोघं गॅलरीत सतरंजीवर बसली. अंबिका भिजलेले वाल सोलत राहिली. शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, "स्पृहाचा अभ्यास चाललाय." संध्याकाळी कडी निघाली. स्पृहा बाहेर आली, आईशेजारी बसली, मूठभर वाल पुढ्यात घेतले आणि हळूहळू सगळं सांगू लागली. नंतर कितीतरी दुपारी मी लागलो आणि ती दोघं बाहेर बसली.

आता स्पृहा बंगळूरला नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली होती. जेवताना म्हणाली, "आई, तेव्हा बाहेर तुझ्या बांगड्या वाजायच्या. म्हणून आत भीती नाही वाटली." अंबिकाने तिच्या पानात आणखी भात वाढला.

स्पृहा गेल्यापासून मला कोणी लावून घेत नाही. मी फुगलोय, फरशीला घासतो, बिजागऱ्या करकरतात. जिन्यात भरभर पावलं वाजली की मला तीच वाटते. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात.

मित्रांनो, तुमच्या दाराच्या बिजागरीत कधीतरी तेलाचे थेंब सोडा. मोठं होताना ते लावून घ्यावंसं वाटेल, तेव्हा खुशाल लावा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त बाहेर कोणी बसलं असेल, तर त्यांना फार वेळ बसवू नका.