भाचीचं तटस्थ मत

भाचीने आयुष्यात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि ‘हो’ म्हणायची वेळ आली तरी ती आधी इकडेतिकडे बघून घ्यायची. लग्नालासुद्धा ती ‘बघू’ म्हणाली होती, तेच घरच्यांनी होकार म्हणून धरलं. अशा बाईच्या हातात मत द्यायचं बटण यावं, हा देवाचा विनोदच म्हणायचा, आणि तो काही फार हसण्यासारखा निघाला नाही.

तिचं काम असं. घराच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल होतं, तिथे दोन सर्व्हर, एक बॅटरी आणि एक कर्कश पंखा. एका ब्लॉकचेन नेटवर्कवर ती व्हॅलिडेटर होती. म्हणजे तिथले व्यवहार खरे की खोटे ते तपासून शिक्का मारणारी जी शंभर यंत्रं होती, त्यातलं एक तिचं. लोक आपली टोकन, म्हणजे तिथली डिजिटल नाणी, ज्याच्यावर विश्वास त्याच्या नावावर ठेवायचे, त्याला स्टेक म्हणतात. टोकन लोकांचीच राहायची, वजन मात्र व्हॅलिडेटरच्या पारड्यात पडायचं. ज्याचं वजन जास्त त्याचा नंबर वर आणि कमाईही जास्त. भाचीचा नंबर बावन्नावा होता आणि मामांचा एकाहत्तरावा.

मामा म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा शेवटचं पॅनेल त्यांनाच आपल्या हाताने बंद करावं लागलं, आणि घरी येऊन ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग या वयात हे नवं काम शिकले, भाचीला शिकवलं, तिच्या मागच्या खोलीतली एकेक वायर स्वतः ओढली. मामी गेल्यापासून तर सकाळी उठून यंत्राचे दिवे बघणं हाच त्यांचा संसार होता. त्यांच्याकडे स्टेक ठेवणारी दोनशे अकरा माणसं, बहुतेक एक्स्चेंजमधली जुनी मंडळी, त्यांना नावानिशी ठाऊक होती.

नेटवर्क कसं चालावं याचे प्रस्ताव अधूनमधून यायचे आणि त्यावर मतदान व्हायचं. जो स्वतः मत देत नाही, त्याचं वजन त्याच्या व्हॅलिडेटरच्या मताबरोबर जातं. बहुतेक लोक देतच नाहीत. कुणाला एवढा वेळ आहे? मामा मात्र प्रत्येक प्रस्ताव चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि पहिल्याच दिवशी ‘हो’ किंवा ‘नाही’ ठोकून मोकळे व्हायचे. त्यापायी काहीजण दुखावले आणि स्टेक हलवून दुसऱ्याच्या नावावर घेऊन गेले. मामा म्हणायचे, “पटलं नाही म्हणून गेला. जावंच माणसाने.”

भाचीकडून असं कधी कुणी गेलं नाही. सदतीस प्रस्तावांपैकी एकतिसांवर तिने ‘तटस्थ’ दाबलं होतं, आणि उरलेल्या सहांवर निकाल दिसायला लागल्यावर जिंकणाऱ्यांच्या बाजूने. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं लोक म्हणतात. भाचीला सापाशी काही देणंघेणं नव्हतं, काठी तेवढी शाबूत राहिली पाहिजे होती.

त्यातही एक गोम होती. तिच्या वजनातला तिसरा हिस्सा एका मोठ्या फंडाचा होता. फंडाचा नियम एकच: मत काय हवं ते द्या, पण मतदान चुकवायचं नाही. चुकवलं की आठवड्याच्या आत स्टेक दुसरीकडे. मत न देणारा तो आळशी, असा त्यांचा साधा हिशेब होता आणि भाचीचं ‘तटस्थ’ त्यात फार छान बसायचं.

मग अडतिसावा प्रस्ताव आला. नेटवर्क मंद चालतं, सबब शंभर जागांच्या साठ कराव्यात. साठाव्या नंबरच्या खालचे सगळे घरी.

मंगळवारी दुपारी मामा आले. खिशात टेस्टर होताच. आल्या आल्या आधी बॅटरीची जोडणी तपासली, पंख्याला दोन शिव्या घातल्या आणि मग स्टूल ओढून बसले.

“ऐक. मोठ्यांना हे हवंय. मोजायला बसलं तर ‘हो’च जास्त भरणार, ‘नाही’ टाकून उपयोग नाही. पण एकूण वजनातलं चाळीस टक्के मतदानात उतरलं नाही, तर प्रस्ताव आपोआप रद्द होतो. म्हणून आम्ही छोट्यांनी ठरवलंय, मतच द्यायचं नाही.”

“म्हणजे काहीच करायचं नाही?”

“काहीच नाही. तुला जमण्यासारखं आहे.” मामा स्वतःच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “तटस्थसुद्धा टाकू नकोस हं. तटस्थ मत ‘हो’त धरत नाहीत आणि ‘नाही’त धरत नाहीत, पण हजेरीत धरतात. चाळीस टक्क्यांत ते मोजलं जातं.”

“माहितीये मामा.”

“मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.”

“असं काय बोलता?”

“एकदा बंद केलंय मी माझ्या हाताने. परत नको गं.”

भाचीला भरून आलं. खरंच आलं, ती काही दगड नव्हती. मामांचा हात धरावा, म्हणावं की नाही देणार मत, शपथ. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. ती म्हणाली, “बघते.”

या शब्दाचा अर्थ ज्याने कधी कुठल्या कचेरीत अर्ज दिलाय त्याला कळतो. पण मामांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांनी तो ‘हो’ धरला आणि निवांत मनाने घरी गेले.

गुरुवारी फंडातल्या माणसाचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

“मॅडम, सहज आठवण करून देतोय. सदतीसपैकी सदतीस! किती सुंदर रेकॉर्ड आहे तुमचं.”

“हो, पण या वेळी काहीजण मत न देण्याचं…”

“तो त्यांचा प्रश्न आहे. तुम्ही काय मत दिलंत ते आम्ही बघतच नाही. दिलं की नाही एवढंच बघतो. आणि मी कुठे बघतो हो, ते आपोआप होतं.”

भाचीने नवऱ्याला विचारलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “मत देऊन टाक आणि मामांना सांग, चुकून दाबलं गेलं. नाहीतर मत देऊ नको आणि फंडाला सांग, लाईट गेली होती.”

“अहो, बॅटरी आहे माझ्याकडे. फंडाला ते माहितीये.”

“मग मला कशाला विचारतेस?”

फंड गेला असता तर भाची बावन्नावरून ऐंशीच्या आसपास घसरली असती. प्रस्ताव पडला असता तर ऐंशीलाही जागा होतीच. चेपून बसावं लागलं असतं, एवढंच. हे तिला कळत होतं. पण एक मोठा उठून गेला की बाकीचे चौकशी न करता उठतात, अशी तिला धास्ती होती. मामांचं सगळं जाणार होतं आणि हिचं थोडं. पण भ्यायला लागलं की माणसाला आपलं थोडंच मोठं दिसतं.

शनिवारी संध्याकाळी पाचला मतदान संपणार होतं. चार वाजता भाची पडद्यासमोर येऊन बसली. हजेरी छत्तीस टक्के. साडेचारला छत्तीस पूर्णांक तीन. तिचं स्वतःचं वजन एक टक्का. तिने मनात मांडून पाहिलं: आपण टाकलं तर सदतीस पूर्णांक तीन. चाळीसला अजून लांब आहे. म्हणजे मामांचं काही बिघडत नाही, फंडही खूश, आपलं रेकॉर्डही राहतं. इतकं सोपं असताना आपण चार दिवस जेवलो का नाही, याचंच तिला हसू आलं.

पाव तासाने, म्हणजे चार पंचेचाळीसला, तिने ‘तटस्थ’ दाबलं आणि ती दोरीवरचे कपडे काढायला गेली.

पाचला परत आली तेव्हा पडद्यावर चाळीस पूर्णांक तीन होतं.

शेवटच्या दहा मिनिटांत तिच्यासारखेच आणखी चौघेजण आले होते. चौघांचंही ‘तटस्थ’. त्यांनीही तीच बेरीज केली असणार, त्यांच्याही मागे कुठलातरी फंड असणार. थेंबे थेंबे तळे साचे हे काही खोटं नाही. तिचा एक टक्का काढला तर उरत होते एकोणचाळीस पूर्णांक तीन. तिने ती वजाबाकी तीनदा केली आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

या धंद्यात काही लपत नाही. कोणी, कधी, काय दाबलं ते कायमचं लिहिलं जातं आणि कुणीही बघू शकतं. मामांचा फोन येईल म्हणून तिने उत्तरं तयार ठेवली. माझ्या एकटीमुळे थोडंच झालं. मला वाटलं नव्हतं. तुम्हीच विचार करा. मामांचा फोन आला नाही, आणि आपण करायचं धाडस तिला झालं नाही.

जागा कमी व्हायला पंधरा दिवस होते. चौथ्या दिवशी तिला दिसलं की मामांकडचे लोक निघाले आहेत. एका बटणात स्टेक एका नावावरून दुसऱ्या नावावर जातो. रीडेलिगेशन म्हणतात त्याला. सकाळी तीन गेले, दुपारी चार. आणि सगळे तिच्याच नावावर येत होते. रोज सतरा, कधी वीस. बावन्नाची ती अठ्ठेचाळिसावर आली, मग चव्वेचाळिसावर. मामांनी आपल्याला माफ केलं, असं वाटून ती पंख्यासमोर बसून रडली. मग राहवेना, तशी उठून त्यांच्या घरी गेली.

मामा टेबलापाशी वायर गुंडाळत होते. यंत्र अजून चालू होतं, पण पाठीमागचं झाकण त्यांनी काढून ठेवलं होतं.

“मामा, सगळे माझ्याकडे कसे?”

“मी पाठवले. एकेकाच्या घरी जाऊन, शेजारी बसून. निम्म्यांना पासवर्ड आठवत नव्हते. एकाने तर वहीसाठी अख्खं कपाट उपसलं.”

“पण माझ्याकडे का?”

“तुझं यंत्र बंद पडत नाही. मी बसवलंय ते.”

“मामा, त्या दिवशी मी…”

“चार पंचेचाळीसला. पाहिलं मी.”

“मला वाटलं, सदतीसच होतील.”

“सगळ्यांना तसंच वाटलं.” मामांनी वायरीचं वेटोळं खोक्यात ठेवलं. “आणि हे बघ, त्या सगळ्यांना स्वतःचं मत स्वतः कसं द्यायचं ते शिकवून आलोय. मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. यंत्र तुझं वापरतील. मत तुझ्या भरवशावर ठेवलेलं नाही.”

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. पण कुठली तार कुठे जोडायची हे सांगताना त्यांचा जो आवाज असायचा, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. भाचीने मान डोलावली. दारापर्यंत आल्यावर तिला वाटलं, निदान माफी तरी मागावी. पण मामा स्क्रू मोजत होते.

पुढच्या आठवड्यात मामांचं यंत्र थांबलं. शेवटी त्यांनी स्वतःचा स्टेकही तिच्याच नावावर ठेवला.

महिन्याने एकोणचाळिसावा प्रस्ताव आला. पहिल्या तीन दिवसांत मामांच्या दोनशे अकराही म्हाताऱ्यांनी मत दिलं. कुणी ‘हो’, कुणी ‘नाही’, दोघांनी चुकीचं दाबून नंतर दुरुस्त केलं. एकच राहिलं होतं, खुद्द मामांचं. पहिल्या दिवशी ठोकून मोकळा होणारा माणूस. भाचीने शेवटच्या दिवशी चारपर्यंत वाट पाहिली आणि फोन लावला.

“मामा, तुमचं मत राहिलंय.”

“हो का.”

“पाचला संपतंय. नाही दिलंत तर तुमचं वजन माझ्या मताबरोबर जाईल.”

“जाऊ दे. मी आता उघडत नाही गं ते. तूच दे.”

“काय देऊ?”

“तुला काय वाटतं?”

भाचीने सवयीने इकडेतिकडे पाहिलं.

“तुला वाटेल ते दे,” मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच त्यातलं काही नको होतं.

तिने प्रस्ताव उघडला. एकोणचाळीस प्रस्तावांत पहिल्यांदा. चौदा पानं होती. पहिलं पान तिने दोनदा वाचलं, दुसरं एकदा. नव्याने येणाऱ्याने किती काळ थांबावं, असं काहीतरी होतं. दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या, मग दोन्ही चूक वाटायला लागल्या. मामांनी काय दिलं असतं याचा तिने विचार केला, तेही सुचेना. तिला वाटत होतं की आपलं मत आतमध्ये कुठेतरी आहे, आपण फक्त ते कुणाला दाखवत नाही. आता खरोखर शोधलं तेव्हा तिथे काही नव्हतं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं भांडं रिकामंच होतं.

कोण जिंकतंय ते पाहिलं, तर दोन्हीकडे सारखं.

पाचला दोन मिनिटं असताना तिने ‘तटस्थ’ दाबलं. मामांचं वजन, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा, कुठल्याच बाजूला पडलं नाही.