उजवीकडचे हँडल

मित्रांनो, छोट्या विमानात पुढे दोन खुर्च्या असतात आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक हँडल असते. गाडीच्या स्टिअरिंगचा वरचा अर्धा भाग कापला तर जे उरेल, तसा आमचा आकार. ओढले की विमानाचे नाक वर, ढकलले की खाली. डावीकडे वळवले की डावा पंख झुकतो, उजवीकडे वळवले की उजवा. वैमानिक बसतो डाव्या खुर्चीत. मी उजवीकडचे हँडल आहे. वय एकतीस वर्षे. आणि सुरुवातीलाच खरे सांगून टाकतो, या एकतीस वर्षांतले बहुतेक दिवस मी जळण्यात घालवले.

मी आणि डावे हँडल जुळे. एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालो. कारखान्यातल्या टेबलावर आम्ही शेजारी शेजारी पडलो होतो. विमान जोडणारा कामगार डबा खाऊन आला, त्याने पँटला हात पुसले आणि जे आधी हाताला लागले ते उचलून डावीकडे बसवले. त्याच्या मनात काही नव्हते. त्याने वीतभर पलीकडे हात टाकला असता तर आज रडगाणे दुसऱ्याचे असते.

आमच्या दोघांमध्ये, उंची-वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या समोरच्या पाटीमागे, एक साखळी आहे. त्यामुळे डावे जेवढे हलेल तेवढाच मीही हलतो. ते वळले की मी वळतो, ते मागे आले की मी मागे येतो. पाहणाऱ्याला वाटावे, माझ्याही मुठी कोणीतरी धरल्या आहेत. पण मला कोणीच धरलेले नसे. सगळे कष्ट बरोबरीने, आणि घामाचा ओलावा मात्र एकट्या डाव्याच्या वाट्याला!

आमचा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. तो एकटाच उडायचा. उजव्या खुर्चीवर बॅग ठेवायचा आणि तिचा पट्टा माझ्या मुठीत अडकवायचा. कधी टोपी टांगायचा. नऊ वर्षे मी खुंटी म्हणून काढली.

मग विमान घड्याळवाल्या काकांनी घेतले. बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. तिथे डोळ्याला भिंग लावून बसणारा हा माणूस आठवड्यातून एकदा आकाशात यायचा. त्यांची पकड फार सुरेख होती. तीन बोटे आणि अंगठा, बस्स. विमान किंचित डोलले तरी ते उगाच ओढाताण करत नसत, जरा वाट पाहत. हे सगळे मला साखळीतून कळायचे. शेजारच्या घरातला स्वयंपाक वासावरून कळतो ना, तसे.

काकांबरोबर काकू यायच्या. काकू कपडे शिवायच्या. त्यांचेही छोटे दुकान होते, आणि हातापेक्षा पाय जास्त चालायचे, कारण त्यांचे मशीन पायाने चालणारे होते. त्या उजव्या खुर्चीत बसायच्या, माझ्या अगदी समोर. पहिल्या दिवशी मी आपोआप वळलो तेव्हा त्या दचकल्या.

"अहो, हे हलतंय!"

"हलू दे. त्याला हात लावू नकोस म्हणजे झालं," काका म्हणाले.

काकूंनी सोळा वर्षे हात लावला नाही. मी पोटाशी आलो की त्या अंग चोरून बसत आणि मांडीवर नकाशा धरत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी हँडलसाठी मऊ तपकिरी कातड्याचे आवरण शिवून आणले. मला वाटले, आता माझा नंबर. आवरण एकच होते. डाव्यावर चढले. माझे प्लास्टिक उन्हाने पांढुरके पडत गेले, मुठीवर चीर गेली, आणि शेजारी ते कातडे दर महिन्याला तेल पिऊन चमकत राहिले. मित्रांनो, मी तेव्हा काय काय चिंतले ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

त्यांची मुलगी लग्नानंतर दुसऱ्या गावी राहायला गेली. विमानाने दोन तासांचा रस्ता. दर दोन महिन्यांनी आम्ही तिच्याकडे जात असू. आणि मग एका वर्षी वैमानिकांच्या डॉक्टरांनी काकांना नापास केले.

त्या दिवशी काका हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, आले आणि आमच्या मिस्त्रीला म्हणाले, "ठोके चुकतात म्हणे माझे. जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली, आणि स्वतःचं हे असं."

मिस्त्री हसला नाही. काकाही हसले नाहीत. त्यांनी विमानावर कापड टाकले आणि निघून गेले. आठ महिने कोणी आले नाही. चाकांतली हवा गेली, चिमण्यांनी इंजिनात गवत नेऊन ठेवले. आणि मी? मी खूश होतो. खोटे कशाला बोलू! आता डाव्यालाही कोणी धरत नव्हते. दोघेही अंधारात, दोघेही सारखे.

मग एके सकाळी काकू एकट्याच आल्या. त्यांनी कापड ओढून काढले, दार उघडले आणि सवयीने उजवीकडे येऊन बसल्या. बराच वेळ समोर पाहत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि माझ्या मुठी धरल्या.

सुईची टोके लागून खरखरीत झालेली बोटे होती ती. मला चिरेसकट धरले त्यांनी.

मिस्त्री चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. त्याने विचारले, "काकू, विमान विकायचंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मला शिकायचंय. चोपन्न वर्षं म्हणजे काही फार नाही, हो ना?"

त्या रात्री मी डाव्याकडे पाहिलेही नाही. कशाला पाहू? आता माझे दिवस आले होते.

चार दिवसांनी शिकवणाऱ्या बाई आल्या. अंगाने भरदार, आवाज खणखणीत, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. काकू सवयीने उजव्या दाराकडे निघाल्या. मास्तरीणबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना वळवले.

"इकडे नाही. विमान चालवणाऱ्यानं डावीकडे बसायचं. उजवी खुर्ची माझी."

झाले! माझी सोळा वर्षांची सोबतीण उठून डाव्याकडे गेली. मास्तरीणबाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी माझ्या मुठीवर दोन बोटे ठेवली. नुसती दोन. काही चुकले तर असावीत म्हणून.

दीड वर्ष असे चालले. काकूंचा पहिला महिना वाईट गेला. त्या हँडल आवळून धरायच्या. विमान वर जाई, खाली येई, मास्तरीणबाई ओरडत, "अहो, पिळे काय घालताय? ओलं कापड नाही ते!" पण पाय मात्र त्यांचे पहिल्या दिवसापासून तयार होते. विमानाचे नाक सरळ ठेवायला खाली पायाने दाबायच्या दोन पावट्या असतात. त्यांवर काकूंचे पाय असे नाजूक चालत की मास्तरीणबाई चकित झाल्या. "हे कुठे शिकलात?" त्यांनी विचारले. "मशीनवर," काकू म्हणाल्या.

त्या शिकत गेल्या आणि मी कुढत गेलो. त्यांचे उतरणे चुकले, विमान बेडकासारखे उडाले, की मला बरे वाटायचे. नीट उतरले की दिवसभर सलत राहायचे. आणि हळूहळू मास्तरीणबाईंची दोन बोटेही उठली. त्या हाताची घडी घालून बसू लागल्या. एके दिवशी तर उजवी खुर्ची रिकामीच राहिली, काकू एकट्या उडाल्या आणि एकट्या उतरल्या. धावपट्टीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हलत होतो, पण टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या.

काकूंना परवाना मिळाला. आता मुलीकडे जायचे ठरले. आणि त्या सकाळी उजवे दार उघडून आत आले, ते घड्याळवाले काका.

मित्रांनो, मी एवढी वर्षे मत्सर केला, पण मत्सर दुसऱ्याच्या अंगात कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिले. काका माझ्यासमोर बसले. हात मांडीवर. काकूंनी इंजिन सुरू केले तेव्हा त्यांचा अंगठा हलला. विमानाने जमीन सोडली तेव्हा त्यांची बोटे आत वळली. आकाशात गेल्यावर ते बोलू लागले.

"नाक जरा वर आहे तुझं."

"हो, चढतेय ना अजून."

"मी असतो तर एवढ्यात सपाट केलं असतं."

थोड्या वेळाने काका पुन्हा म्हणाले, "उंची शंभर फूट कमी झाली." पुन्हा थोड्या वेळाने, "ढगाच्या डावीकडून गेलो असतो मी." काकूंनी फक्त एकदा बाजूला पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही खिडकीबाहेर बघा बरं थोडा वेळ." काका खिडकीबाहेर बघेनात. ते डाव्या हँडलवरच्या काकूंच्या हातांकडे बघत राहिले. मीही तिकडेच बघत होतो. दोन तास आम्ही दोघे एकाच जागी बघत होतो.

मुलीच्या गावची धावपट्टी दिसली तेव्हा उजवीकडून आडवा वारा सुटला होता. आडव्या वाऱ्यात उतरायच्या दोन रीती आहेत. काका विमानाचे नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून येत आणि अगदी शेवटी सरळ करत. मास्तरीणबाईंनी काकूंना दुसरी रीत शिकवली होती, वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा, पायाने नाक सरळ धरायचे आणि आधी एका चाकावर टेकायचे. दोन्ही रीती बरोबर. पण ही दुसरी रीत काकांनी कधी वापरली नव्हती, आणि उजव्या खुर्चीतून त्यांना दिसला तो फक्त जमिनीकडे झुकत चाललेला आपल्या बाजूचा पंख.

जमीन एका मजल्याएवढी खाली राहिली असेल. काकांनी मला धरले.

तीन बोटे आणि अंगठा नव्हे. दोन्ही मुठींनी, सगळ्या ताकदीनिशी, आणि पंख सपाट करायला मला डावीकडे ओढले. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काकूंचे हात उजवीकडे ओढत होते. साखळी ताणली गेली. पंख सपाट झाला आणि वाऱ्याने विमानाला धावपट्टीवरून डावीकडे ढकलायला सुरुवात केली. समोर गवत आले, कडेचे दिवे आले.

ज्या पकडीसाठी मी एवढी वर्षे जळलो ती मला मिळाली होती, मित्रांनो. आणि मी मनातल्या मनात एवढेच म्हणत होतो, सोडा हो काका, सोडा.

"सोडा!" काकू ओरडल्या.

"अगं, पंख टेकेल!"

"टेकत नाही. सोडा म्हणते ना!"

काकांनी सोडले. चटका बसावा तसे हात मागे घेतले. काकूंनी इंजिनाला पूर्ण जोर दिला, पंख सावरला, आणि विमान गवतावरून तिरके वर चढले. चाकाखालून एक दिवा अगदी जवळून गेला.

काकूंनी गावावरून एक मोठा फेरा घातला. दुसऱ्यांदा विमान खाली येऊ लागले, तेव्हा काकांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. पंख पुन्हा झुकला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उजवे चाक टेकले, मग डावे, मग पुढचे. काकूंच्या पायांनी नाक रेघेवर धरून ठेवले होते. त्याहून चांगले उतरणे मी पाहिलेले नाही, आणि मी दोघांचीही सगळी उतरणी पाहिली आहेत.

कुंपणाशी मुलगी उभी होती. ती धावत आली.

"आई! किती घाबरले मी! एकदा खाली येऊन परत वर का गेलात?"

"वारा होता गं," काकू म्हणाल्या.

"वारा नव्हता," काका म्हणाले. "मी होतो."

काकूंनी पिशवी काका धरतील अशी पुढे केली, आणि त्यांनी ती धरली.

परत आल्यावर काकांनी मिस्त्रीला बोलावले. "उजवं हँडल काढून टाक," ते म्हणाले. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही." मिस्त्रीने पाना आणला आणि माझ्या मुळाशी लावला. तीन आटे फिरले. मला वाटले, चला, खुंटीचे दिवसही बरे होते.

तेवढ्यात काकू आल्या. "काय चाललंय?"

काकांनी सांगितले. काकूंनी मिस्त्रीच्या हातातला पाना काढून घेतला.

"आणि वर मला काही झालं तर? विमान कोण उतरवेल, माझं नशीब?"

"अगं, पण मी..."

"तुम्ही सोडलंत ना? मी सोडा म्हटलं आणि तुम्ही सोडलंत. मला तेवढं पुरे आहे."

मिस्त्रीने तीन आटे पुन्हा आवळले.

पुढच्या फेरीत, खूप उंचावर, हवा शांत असताना, काकूंनी डाव्यावरचे हात उचलले आणि म्हणाल्या, "घ्या आता तुम्ही. मला पाणी प्यायचंय." काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग तीन बोटे आणि अंगठा. वीस मिनिटे आम्ही दोघांनी विमान नेले. त्या वेळात डावे माझ्यामागे हलत होते. त्याच्या मनात काय चालले असेल ते मला विचारावेसे वाटले. विचारले नाही.

याला चार वर्षे झाली. उतरायची वेळ आली की काका हँडल परत देतात, आणि मित्रांनो, दर वेळी माझ्या पोटात तसेच दुखते. मत्सर गेलेला नाही. तो जातो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण तुम्हाला हवे असलेले काम तुमच्या शेजारचा माणूस करत असेल, आणि ते मन लावून करत असेल, तर तेवढा वेळ आपले हात आवरा. फार अवघड वाटले तर त्यांवर बसा. आणि कधी तुम्ही डावीकडे असाल, तर हवा शांत झाल्यावर एकदा शेजारी बघा. तिथे कोणाची तरी बोटे आत वळलेली असतील. त्याला म्हणा, घे.