केशरबाईंचा गुडघा आणि माझा एक तास

मित्रांनो, परभणीतल्या एका लहानशा रक्ततपासणी लॅबमधला मी जुना लोखंडी स्टँड. माझा जन्म दूर हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर सहा खाचा आहेत. त्यांत काचेच्या लांब नळ्या उभ्या करतात, नळीत रक्त भरतात आणि बरोबर एक तास थांबतात. लाल पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते पाणी जितकं जास्त, तितकी शरीरात कुठेतरी सूज किंवा जंतूंची लागण असण्याची शंका. या तपासणीला ईएसआर म्हणतात.

लॅब नागनाथभाऊंची. त्यांनी मला वीस वर्षं रोज पुसलं. माझ्यापुढून हजारो माणसं गेली, पण आठवण येते ती पेडगावच्या केशरबाईंची.

केशरबाई अंगणवाडी सेविका. त्यांनी गुडघा बदलून घेतला होता. सात महिने झाले तरी त्या वॉकर धरूनच चालत होत्या. मुलगी संघप्रिया त्यांना घेऊन आली.

"गुडघा गरम लागतोय, दुखायलाय बी लय," संघप्रिया म्हणाली. "सगळे म्हणतात, वय झालं, दुखणारच."

नागनाथभाऊंनी रक्त घेतलं. एक नळी माझ्याकडे दिली, दुसऱ्या बाटलीतल्या रक्ताची सीआरपी नावाची, सूजच दाखवणारी तपासणी लावली. संघप्रिया औषधं आणायला गेली. केशरबाई बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. तास भरला तेव्हा वरच्या पाण्याचा आकडा चौऱ्याऐंशी मिलिमीटर होता; तिसाच्या आत हवा होता. सीआरपीही वाढलेली.

केशरबाई हळूच म्हणाल्या, "नागनाथभाऊ, आकडा जरा कमी लिहिता येतंय का? सोमवारी मला अंगणवाडीत हजर व्हायचंय. पोरं वाट बघायलीत. हे बघितलं की संघप्रिया मला परत दवाखान्यात नेती."

भाऊ त्यांच्याशेजारी बसले.

"ताई, मी कमी लिहीन, पण गुडघ्याला ते कळणार न्हाई. नव्या सांध्यात जंतू शिरले असतील तर ते आतून हाड खातात. रक्तावरून पक्कं सांगता येत न्हाई. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडं जा. ते गुडघ्यातलं पाणी काढून तपासतील. उद्याच जा."

केशरबाईंनी पदरानं डोळे पुसले. भाऊंनी चौऱ्याऐंशीच लिहिलं.

शंका खरी निघाली. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बसवलेला सांधा काढला आणि त्या जागी जंतू मारणारं औषध मिसळलेलं, हाडांसाठीचं सिमेंट तात्पुरतं भरलं. पुढचे काही महिने केशरबाई दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला येत. एकाहत्तर. बावन्न. मग अचानक साठ. त्या दिवशी मायलेकी बाकावरून लवकर उठल्याच नाहीत. नळी रिकामी करताना भाऊंचाही चेहरा उतरला होता. त्यानंतर मात्र आकडा उतरतच गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहून पुन्हा नवा सांधा बसवला. ऑपरेशननंतर आकडा परत चढला, तेव्हा संघप्रिया घाबरली.

"सुरुवातीला चढतोच," भाऊ म्हणाले. "उतरायलाय का, ते बघायचं."

तो उतरला. अठरावर आला. त्या दिवशी केशरबाई काठी टेकत बाहेर पडल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्या नशिबी हेच असतं. ज्यांच्यासाठी मी तास तास उभा राहतो, ती माणसं बरी झाली की येत नाहीत. येऊच नयेत, हे मलाही कळतं.

पुढे लॅबमध्ये नवं यंत्र आलं. ते तासभर थांबत नाही, झटपट आकडा देतं. भाऊंनी मला स्वच्छ पुसून कपाटावर ठेवलं. आता माझ्यावर धूळ बसते. तक्रार नाही, पण खाचा रिकाम्या वाटतात.

तुमच्या घरी कोणाचा सांधा बदलला असेल आणि बरं वाटल्यावर पुन्हा दुखू लागलं, गरम लागलं, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसवू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा, डॉक्टरांकडे न्या. आणि आलेला आकडा भीतीपोटी लपवू नका.

परवा संघप्रियाचा फोन आला होता. भाऊ हसून म्हणाले, "आई अंगणवाडीतल्या पोरांच्या मागं पळायलीय म्हणता?"

मी केशरबाईंना वॉकर किंवा काठीशिवाय चालताना कधीच पाहिलं नाही. कपाटावरून दार दिसतं. रक्त द्यायला नको, काही कामही नको. एकदा त्या या दारावरून चालत जाव्यात, एवढंच वाटतं.