बाल्कनीतलं बाहेरचं युनिट

एसीवाल्याने "काका, ही खाट जरा..." एवढंच म्हटलं होतं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या भावाने आपली घडीची खाट मिटवलीसुद्धा. उशी, चादर आणि चष्म्याचं घर पोटाशी धरून तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि वर त्यालाच विचारलं, "एवढी जागा पुरेल ना तुम्हाला?" मला दादाची किळस आली. थोरल्या भावाबद्दल हा शब्द वापरू नये हे मला कळतं, पण दुसरा शब्द नाही.

ती बाल्कनी म्हणजे दादाची खोली. वहिनी गेली त्या वर्षी माझ्या भाच्याने बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या, बापाची खाट तिथे टाकली आणि 'बाबांना स्वतंत्र खोली करून दिली' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. दादा-वहिनींची मोठी खोली आपोआप भाचा आणि सूनबाईकडे गेली. आता त्या मोठ्या खोलीत एसी लागत होता. थंड हवा सोडणारं आतलं युनिट त्यांच्या पलंगासमोर, आणि गरम वारा ओकणारा तो बाहेरचा खोका दादाच्या खाटेच्या जागी.

खोका बाहेरच्या भिंतीवर टांगता आला असता. पण इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी आमचा भाचाच. दर्शनी भिंतीवर कोणीही खोके टांगायचे नाहीत हा नियम त्यानेच केलेला, आणि वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईचा टांगलेला खोका त्याने स्वतः उभं राहून काढायला लावला होता. आता स्वतःचा कुठल्या तोंडाने टांगणार? माणसाने असं तत्त्वाला धरून राहावं, विशेषतः झळ बापाला बसणार असेल तर.

आणि बाप काय करत होता? भिंतीला भोक पाडताना उडालेला चुरा सुपलीत भरत होता.

दादाने जन्मभर विजेचे मीटर वाचले. लोकांच्या जिन्याखाली, बोळात, कचऱ्याच्या डब्यांमागे वाकून आकडे उतरवले. कुणी आत बोलावतं का, पाणी तरी विचारतं का, असं मी विचारलं की म्हणायचा, "मीटर बाहेर असतो, आत कशाला जायचं?" त्याच्या हक्काची बढती दुसऱ्याने पळवली, तर हा त्याच्या घरी मिठाई घेऊन गेला. ऑफिसातले त्याला देवमाणूस म्हणत. ज्याच्या डोक्यावर खुशाल पाय देता येतो त्याला लोक देवमाणूसच म्हणतात. मी मात्र त्याला तोंडावर शेळपट म्हणत आले. कुणीतरी खरं बोलायला नको का? आताही थोडे दिवस राहायला आले होते, तर रोज सकाळी चहाबरोबर त्याला दोन शब्द ऐकवत होते. तो हसून घेत होता.

एसीवाला कामाला वाईट नव्हता, पण पुढच्या घरी जायची त्याला घाई होती. आतलं युनिट भिंतीवरच्या पाटीवर बसवून झालं, तांब्याच्या नळ्या भिंतीतून ओढून झाल्या, पंप लावून त्यांतली हवा खेचून झाली, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती बघून झाली. मग त्याने एकदा काचांकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला की मशीनला मोकळी हवा लागते, ह्या काचांत कोंडेल. भाच्याने गेला आठवडाभर फोनवर एसीचे व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे त्याला आता शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. टेस्टपुरत्या काचा लावूनच ठेवा, वरच्या मजल्यावर आवाज जायला नको, ती म्हातारी उगाच कटकट करते, असं तो म्हणाला. एसीवाल्याने खांदे उडवले.

राहता राहिली पाण्याची नळी. आतल्या युनिटमधलं पाणी वाहून नेणारी ही नळी बाल्कनीतल्या मोरीपर्यंत पोचत नव्हती. जोड मारेपर्यंत खाली बादली ठेवायची आणि कुणीतरी नळी बादलीत धरायची, असं ठरलं. कुणीतरी म्हणजे कोण हे विचारायची या घरात पद्धतच नाही. दादा बनियनवर बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि भाच्याने खोली आणि बाल्कनीमधलं दार ओढून घेतलं.

खोलीत आम्ही चौघं. रिमोट अर्थातच सूनबाईच्या हातात. हवा गार यायला लागली तशी तिने आधी युनिटचा फोटो काढला, मग युनिटखाली उभं राहून स्वतःचा, आणि दोन्ही माहेरी पाठवले. भाचा पलंगावर पाय पसरून बसला आणि मला म्हणाला, "आत्या, आता तू उन्हाळ्यातसुद्धा येत जा." मीही त्या गारव्यात बसून होते, खोटं कशाला बोलू. बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने वाऱ्यातला गारवा कमी झाला. सूनबाईने रिमोट दाबला, परत दाबला. मग नुसताच पंख्यासारखा वारा यायला लागला आणि बाल्कनीतली घरघर थांबली. भाचा ताडकन उठला आणि एसीवाल्याला फैलावर घेतलं. तुम्ही जुना माल खपवता, तुमच्या दुकानाची तक्रार करतो, मला ओळखत नाही तुम्ही, वगैरे. एसीवाला सरळ गेला आणि त्याने मधलं दार उघडलं.

भट्टीचं झाकण काढावं तशी झळ आत आली.

दादा उभा होता. चेहरा लालबुंद, बनियन अंगाला चिकटलेलं, हनुवटीवरून घाम गळत होता. काच त्याच्या कोपराला लागेल इतकी जवळ होती आणि ती बंदच होती. हातातली नळी त्याने बादलीत तशीच धरून ठेवली होती.

"पाणी नीट पडतंय," तो म्हणाला.

मी त्याला दंडाला धरून खोलीत ओढलं. त्याचा दंड तव्यासारखा तापला होता. "अरे, काच उघडायची ना, मेल्या," मी म्हणाले. माझा आवाज फाटला होता.

"टेस्ट चालू होती ना. हा म्हणाला होता, काचा लावून ठेवा."

त्याक्षणी मला भाच्यापेक्षा दादाच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. भाचा म्हणाला, "बाबा, तुम्ही पण कमाल करता," आणि झाला प्रकार बापाच्या वेंधळेपणात जमा करून मोकळा झाला. सूनबाईने एसीच्या पॅकिंगचा पुठ्ठा फाडून सासऱ्याला वारा घातला, तेवढ्यात किती वेळा दाराकडे बघितलं म्हणून सांगू. राहिलेला गारवा बाहेर चालला होता. मी उठून ते दार सताड उघडलं.

एसीवाल्याने सांगून टाकलं की काचा काढल्याशिवाय मशीन चालणार नाही, रोज असंच बंद पडेल. भाचा हळहळला. काचा चांगल्या होत्या, म्हणाला. बापाने झोपायचं कुठे, हे कुणी बोलेना, म्हणून मीच विचारलं. "बाहेर सोफा आहे की," सूनबाई म्हणाली. तो सोफा मी बघितलाय. त्यावर मांजर झोपलं तर शेपूट खाली लोंबेल.

मी उठले. माझी मोठी पिशवी काढली, दादाचे दोन शर्ट, पायजमे आणि औषधं तिच्यात कोंबली. माझं घर लहान आहे, पण मी एकटी आहे आणि खोली मोकळी आहे. आज त्याला इथून नेलं नाही तर हे लोक त्याला असंच शिजवून मारतील, याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांच्यासमोर सांगितलं की दादा माझ्याकडे येतोय. सूनबाई एवढंच म्हणाली की आत्या, आम्ही काही बाबांना हाकलत नाही. तिचे डोळे मात्र पिशवीवर होते.

दादा बाल्कनीत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता. तो एकेक काच खिडकीच्या खाचेतून उचलून जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीशी उभी करत होता. एसीवाल्याने नळीचा जोड मारला, मशीन परत चालू केलं, या वेळी ते बंद पडलं नाही. खोली गार झाली. एसीवाला गेला. भाचा आणि सूनबाई दार लावून आत बसले.

"पिशवी भरलीय," मी म्हणाले. "आतातरी कणा दाखव. चल."

त्याने शेवटची काच भिंतीला टेकवली.

"नको," तो म्हणाला.

"का नको? इथे गरम वाऱ्यात झोपणारेस? लाज नाही वाटत तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं थांबून कधी बघितलं नव्हतं.

"इथलं मशीन मधूनमधून बंद तरी होतं," तो म्हणाला. "तुझं होत नाही."

मला राग आला. एवढं सगळं त्याच्यासाठी करायचं आणि वर हे ऐकायचं. पोरासमोर, सुनेसमोर, साहेबांसमोर ज्याने कधी ब्र काढला नाही, त्याला जीभ फुटली ती माझ्यासमोर. त्याला सुनावायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण त्याने मोरीत वाकून घामाने भिजलेलं बनियन धुवायला घेतलं होतं, आणि पाण्याच्या आवाजात बोलायला मला कधीच आवडलेलं नाही.

बनियन पिळून झाल्यावर त्याने खोक्यासमोर एक दोरी बांधली. बनियन दोरीवर टाकलं. गरम वाऱ्याने ते फुगलं, सटकायला लागलं, तसा त्याने एक कोपरा हातात धरला.

"आतून दोन चिमटे आण," तो मला म्हणाला.

मी आणायला गेले.