उजवी टाच

शहादेवचं नाव योगवर्गात वनितानं परस्पर घातलं. एसटीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तदाब वाढलाय, पोट सुटलंय, कंबर धरते ती बसून बसून; थोडा व्यायाम करा. शहादेवनं मान डोलावली आणि डेपोत पोचेपर्यंत तो ते विसरलाही. वनिता विसरली नाही. अंबाजोगाईत त्यांच्या गल्लीला लागून विहार होता, त्यामागच्या सभागृहात नवशिक्यांसाठी सकाळचा वर्ग सुरू होणार होता. शिकवणार होत्या सत्यशीलाताई, मुलींच्या शाळेतून पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या.

"मी काय म्हातारा झालो का?" शहादेवनं विचारलं.

"होऊ नये म्हणूनच जायचं. सतरंजी धुऊन ठेवलीय. उद्या उठवीन."

वनितानं एकदा मनात घेतलं की सुटका नसते, हे लग्नापासून ठाऊक असल्यानं तो निमूटपणे गेला. सभागृहात बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. बरेचसे पेन्शनवाले, एक गुडघे धरलेला किराणा दुकानदार, आणि नवी कोरी ट्रॅकपँट घालून अवघडलेला शहादेव. अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलेलं. माणसांच्या पुढे उभं राहून हातपाय हलवायची सवयच नव्हती.

"सोपं आहे," ताई म्हणाल्या. "हात वर, बोटं गुंफा, आणि श्वास घेत टाचा उचला."

सगळ्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. शहादेवची डावी उचलली. उजवी जागेवरच राहिली. पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून त्यानं तो झटकला आणि पुन्हा जोर लावला. मांडी ताणली, दात आवळले, पण टाच फरशीला चिकटवल्यासारखी. मग त्यानं सगळा भार डाव्या पायावर टाकला, अंग तिरकं केलं आणि भिंतीकडं बघत उभा राहिला. आपल्याकडं कुणी बघितलं नाही असं त्याला वाटलं.

शेवटी सगळ्यांना शवासनात निजवलं. त्याचा डोळा लागला. घोरलासुद्धा असावा, कारण उठल्यावर दुकानदार गालात हसत होता. माणसं निघाली तेव्हा ताईंनी त्याला थांबवलं.

"उजव्या पायाला कधी मार लागला होता का?"

"न्हाई. ड्रायव्हरचा पाय हाय ताई, थकतोय."

"तुम्ही निजला होतात तेव्हा पोटरीचं मांस आपोआप उडत होतं. डोळा लवतो ना, तसं. आणि ही पोटरी डाव्यापेक्षा बारीक दिसते. मी डॉक्टर नाही. पण दाखवून या."

शहादेव बरं म्हणाला. घरी येऊन त्यानं खाटेवर पाय पसरले आणि दोन्ही पोटऱ्या हातानं चाचपल्या. उजवी खरंच हलकी लागली. मागं कधीतरी चालताना चप्पल निसटायला लागली होती, तेव्हा त्यानं चपलेलाच शिव्या देऊन नवा जोड घेतला होता. आता त्याला ते आठवलं, आणि आठवलं म्हणून रागही आला.

दवाखान्यात तो गेला नाही. वर्गात मात्र नेमानं जाऊ लागला. ड्युटी नसेल त्या दिवशी वनिता कामाला गेली की स्वयंपाकघरातला ओटा धरून टाच उचलायला बघायचा. घाम फुटायचा. टाच कधी नखभर उठल्यासारखी वाटायची, कधी तेवढीही नाही. गंमत म्हणजे बाकी सगळं सुधारत होतं. कंबर दुखायची थांबली, झोप लागायला लागली, रक्तदाब उतरला. वनिता येईल त्याला सांगायची, "योगानं लई फरक पडला बघा ह्यांना." शहादेव ऐकायचा आणि पाय खाटेखाली घ्यायचा.

उसाचे दिवस होते. बीडला जाणारी गाडी मांजरसुंबा सोडून घाटाला लागली तेव्हा ती भरलेली होती. वळणापलीकडं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत रांगत होता. असे ट्रॅक्टर त्यानं हजारदा मागं टाकलेले. तो ॲक्सिलेटरवरचा पाय उचलायला गेला, आणि पाय उचललाच गेला नाही. पंजा लोंबल्यासारखा झाला, बुटाचं टोक ब्रेकच्या कडेला अडकलं. समोर उसाची मोळी काचेएवढी मोठी दिसायला लागली. त्यानं हँडब्रेक खेचला, गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ती थरथरत, चाकं घासत थांबली.

कुणी दगावलं नाही. एका म्हातारीचं कपाळ दांड्यावर आपटून टेंगूळ आलं. लेकरं रडायला लागली. कंडक्टर परमेश्वर माणसांतून वाट काढत पुढं आला. दोघं कितीतरी वर्षं एका गाडीवर होते.

"झोपलास का बे?"

"न्हाई."

"मग?"

"पाय आला न्हाई," शहादेव म्हणाला.

परमेश्वरला ते कळलं नाही. शहादेव खाली उतरला, म्हातारीपुढं गेला, हात जोडले. तिनं पदरानं कपाळ दाबत विचारलं, "तुला तर न्हाई ना लागलं, बाबा?" प्रवासी मागून आलेल्या गाडीत बसवून दिले. डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला. शहादेवनं सीट सोडली ती कायमचीच.

मग अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात खेटे सुरू झाले. नसांत सुया टोचल्या, करंट सोडून बघितला, मानेचे फोटो काढले. वनिताला त्यानं नस दबली असेल म्हणून सांगितलं होतं. निकाल ऐकायला परमेश्वर बरोबर होता, पण त्याला त्यानं बाहेरच बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"मेंदूचा हुकूम हातापायांना पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पायापासून सुरुवात झाली. पुढे हात, मग बोलणं, गिळणं. शेवटी श्वास."

"कावून झालं पण? दारू न्हाई, तंबाखू न्हाई."

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"औषध?"

"वेग थोडा कमी होईल असं औषध आहे. बरं करणारं नाही."

काहीतरी विचारायलाच हवं म्हणून शहादेवनं विचारलं, "मी योग करतोय. करू का?"

"आवडत असेल तर करा," त्या मायेनं म्हणाल्या. त्या मायेनं तो खचला.

घरी तो म्हणाला, "नसांचा आजार हाय. वेळ लागंल." वनितानं त्यातलं 'वेळ लागंल' एवढंच धरलं. दुसऱ्या दिवसापासून तीच त्याला हाताला धरून वर्गात नेऊ लागली, आणि स्वतः शेजारी सतरंजी टाकून बसू लागली. घरी मोहरीच्या तेलानं पाय रगडायची. तो पडला की उठवायची, आणि पुन्हा उभा करायची.

पावसाळा आला गेला, तोवर उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. अनुलोम-विलोमला अंगठा नाकपुडीवर ठेवायचा, तो घसरून ओठावर यायचा. वनिता कातावली.

"मन लावून करीत न्हाई तुमी."

"करतोय की."

"करताय कुठं? तो दुकानदार बघा, गुडघे धरलेला माणूस आता मांडी घालून बसतोय. तुमालाच कावून जमंना?" ती ताईंकडं वळली. "ताई, ह्यांना जरा कडक बोला. माझं ऐकत न्हाईत."

शहादेवनं आजाराचं नाव सत्यशीलाताईंच्या कानावर घातलं होतं, आणि वनिताला सांगू नका म्हणून शब्दही घेतला होता. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. वनितानं त्यांच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

"काय झालंय?" तिनं हळू विचारलं.

"घरी चल," शहादेव म्हणाला. जीभ जड झाल्यानं शब्द चिकट निघाला.

घरी त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमानं. सांगताना दोनदा थांबावं लागलं, तोंडात लाळ साचत होती. वनिता उंबऱ्याशी बसून ऐकत होती. ती रडेल, भांडेल, दुसरा डॉक्टर बघू म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. पुण्याला नेऊ म्हणेल, त्यावर काय म्हणायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

"म्हणजे मी इतके दिवस तुमाला उगंच उभं करीत होते," ती म्हणाली.

"तुला ठाव नव्हतं."

"तुमाला तर होतं ना? मग कावून उभं ऱ्हायलात?"

ह्याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. तिच्या हाताला धरून चालताना, टाच उचलायचा खोटा प्रयत्न करताना, एखाद्या सकाळी त्यालाही वाटायचं, की डॉक्टरांचं चुकलं असेल. पण एवढं लांब बोलायची ताकद जिभेत नव्हती.

सकाळी नेहमीच्या वेळेला त्याला जाग आली. वनिता उठली होती, चहाचं भांडं वाजत होतं. बाहेरून पेन्शनवाले बोलत विहाराकडं चालल्याचं ऐकू येत होतं. ती आत येईल, पांघरूण ओढेल, उठा म्हणेल, म्हणून तो वाट बघत पडून राहिला. ती आली. चहा बशीत ओतून, निववून, तिनं बशी त्याच्या ओठांना लावली. घोट गिळताना ठसका लागला, तेव्हा पदरानं त्याची हनुवटी पुसली. उठा मात्र म्हणाली नाही.

बाहेरची पावलं पुढं निघून गेली. तिनं दार लोटून घेतलं.